बाईच्या झाडाचं पहिलं फळ

मु. अमरावती, माघ शुद्ध पंचमी, सन १८६५

गोदाबाईच्या पायावर धाकट्या नत्थूचं डोकं.

अवं बाई, हे अक्षर माझंच आहे. हासू नको. चाळीस वर्षं मले काळं का पांढरं समजलं नाही, पण कापसाच्या बाजारात सहीच्या जागी नांगर काढणाऱ्याले लोकं डोळ्यादेखत लुटतात. म्हणून एका मुनिमाजवळ दोन पावसाळे बसलो अन् शिकलो. तुझ्या गल्लीतले पंतोजी हे तुले वाचून दाखवतील. पंतोजी, रामराम. लिवलं तेवढंच वाचा, मधात आपलं ग्यान घालू नका.

तू शिमग्याले आली, बाग आडवी पडलेली पाहिली अन् आल्या पायी अकोल्याले परत गेली, त्याले दोन वर्षं होतील. मी तवाच सांगतलं होतं, डिंक्या लागला, बुंध्यातून डिंक गळून झाड मरते तो रोग. तुझ्या दोन संत्र्यांपासून सुरू झाला अन् सव्वाशे झाडांत पसरला. रोगट बाग ठेवून करता काय? तोडली. रान मोकळं झालं, मग कापूस पेरला. सारं वऱ्हाडच पेरून राहिलं आहे, म्या एकट्यानं काय पाप केलं? तू एक शब्द बोलली नाही, घोटभर पाणी घेतलं नाही. तुझा राग मले लहानपणापासून माहीत आहे. माय मेल्यावर तूच मले कडेवर घेऊन बागेले पाणी द्यायची अन् रडलो तर धपाटा घालायची.

बाई माझ्याशी काहून अशी करते, असं मनात येते. पण बापाचा बोल मी विसरलो नाही. तुझ्या लग्नात त्यानं ती दोन संत्री तुले आंदण दिली होती. त्यांच्या कलमाचे डोळे तूच आपल्या हातानं बांधले होते. बाप म्हणे, माती नत्थूची, झाडं गोदाची. दर साली पहिलं फळ तू येऊन तोडायची, तू खायची, तवा आमी तोंड लावायचो.

तर ऐक. तुझी झाडं गेली नाहीत. ज्या दिवशी बाग तोडली त्याच दिवशी मी तुझ्या झाडांचे डोळे काढून जंबुरीच्या दोन रोपांवर बांधले. पंतोजी, तुमाले समजावं म्हणून सांगतो: जंबुरी म्हणजे रानटी निंबू, फळ आंबट ढाण, पण मूळ लोखंडाचं. खाली जंबुरीचं मूळ, वर संत्र्याचा डोळा, तवा संत्र्याचं झाड होते. दोन्ही झाडं माझ्या नव्या घराच्या धाब्यावर आहेत, मातीच्या मोठ्या नांदीत. अंगणात कापसाचे ढीग, रानात बांधापर्यंत कापूस, खाली कुठंच जागा नाही. रोज शिडीवरून बारा घागरी चढवतो. शेजारी म्हणतात, नत्थुजीच्या डोक्यात फरक पडला, मातीचं धाबं अशानं गळते. गळते तर गळो. खाली मी एकटाच झोपतो, खाट सरकवतो.

घर मोठं झालं आहे, बाई. गोऱ्ह्यांच्या गळ्यात चांदीच्या घंट्या आहेत. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली, पोरबाळ नाही. एका माणसाची भाकर थापता थापता मले कधी कधी हासू येते.

फळ लागलं की ये. पहिलं तुझ्याच हातानं तुटेल. हे पत्र शालिकराम घेऊन येईल. तो दर महिन्याले सरकीची गाडी घेऊन अकोल्याले जाते. निरोप त्याच्याजवळ दे.


मु. अमरावती, वैशाख वद्य तृतीया, सन १८६५

गोदाबाईले नत्थूचा दंडवत.

शालिकरामनं तुझा निरोप सांगतला. "त्या झाडांले माझं नाव देऊ नको. माझ्या हाताचं काही घरात ठेवू नको, नत्थूले म्हणा."

वा वं बाई! म्या बारा बारा घागरी चढवाव्या अन् तू असा निरोप धाडावा? मी मोठी बहीण म्हणून ऐकून घेतो, दुसरं कोणी असतं तर दाखवलं असतं. नाव तुझंच राहील. काय करायचं ते कर.

त्या शालिकरामचंही तोंड फार चालते. मले म्हणे, "नत्थुजी, बाग रोगानं गेली म्हणता, अन् डोळे त्याच झाडाचे घेतले? रोगट झाडाचा डोळा कोणी घेते का?" मी म्हटलं, तू बैल हाक. माळ्याले शिकवू नको. त्याले काय कळते? एखादी फांदी चांगली राहते. राहते का नाही, बाई? तुले तर माहीतच आहे.

झाडं कमरेच्या वर आली आहेत. मी ताण दिला आहे. पंतोजी, तुमाले हेही सांगतो: संत्र्याले बहार आणायचा तर आधी त्याचं पाणी तोडावं लागते. उन्हाळाभर तहानेलं ठेवायचं, पानं मलूल होऊ द्यायची, अन् मृग लागला की पाणी सोडायचं. मग झाड फुलानं पांढरं होते. बाप चाळीस दिवस ताण द्यायचा, मी चाळीसच देणार. आज सतरावा आहे. दोन वर्षांच्या झाडाले ताण देत नाहीत हे मले माहीत आहे. पण मले घाई आहे.

शेजारची जमुना काल आपल्या धाब्यावर वाळवण घालायले आली. म्हणे, "भाऊ, थोडं पाणी टाका ना, झाडं पाहवत नाहीत." मी म्हटलं, बाई, हे माळ्याचं काम आहे, तू आपले पापड पाह्य.

बाजारात बोलतात की दूरच्या मुलखातली लढाई संपली, तिकडचा कापूस पुन्हा बाजारात येईल, आता आपल्या कापसाले कोणी विचारणार नाही. विचारो का न विचारो.


मु. अमरावती, आषाढ शुद्ध नवमी, सन १८६५

बाईले दंडवत.

पाऊस चांगला आहे. तुझ्या मोर्णेकाठच्या वाडीत पाणी तर नाही शिरलं? जानराव भाऊजींचा खोकला कसा आहे? इकडं सारं ठीक आहे.

ठीक नाही. एक झाड गेलं.

मी जमिनीचा हिशेब नांदीले लावला. जमिनीत मूळ खाली जाते, कुठं तरी ओल शोधते. नांदीत ते कुठं जाणार? खालून धाबं तापलं, वरून ऊन, चारी बाजूंनी भाजलेली माती. अन् मी माळी! लोकांच्या बागा पाहायले मले बोलावतात! चाळिसाव्या दिवशी पाणी घातलं तर पाणी तसंच उभं राहिलं, झाडानं घेतलंच नाही. जमुना शिडीवर उभी होती. रिकामी घागर तिनंच खाली नेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण दुसरं आहे. वरून वाळलं, मी वाळलेलं छाटलं, अन् आठ दिवसांनी बुडाजवळून फूट निघाली. हिरवीगार, जोरदार. डोळा बांधला होता त्या गाठीच्या वरूनच निघाली आहे. बोटभर वर. पंतोजी, बोटभर वर, हे नीट वाचा. काटे जरा लांब आहेत, पण नव्या फुटीले काटे असतातच.

ही फूट मी जपीन. आता ताण नाही, काही नाही. पाणी वेळेवर.

तू काहीच निरोप दिला नाही. शालिकराम म्हणे, पत्र ऐकताना तू भाजी निवडत होती अन् उठून आत गेली. बरं.


मु. अमरावती, फाल्गुन शुद्ध दशमी, सन १८६७

बाई,

पावणेदोन वर्षं मी लिवलं नाही. तू बोलत नाही तर म्या काहून बोलावं, असं मनात धरलं होतं. धरवलं नाही.

झाडाले फुलं आली. अकरा. मी रोज मोजतो.

कापसाचं वेड उतरलं आहे. चांदीच्या घंट्या काढून ठेवल्या. अंगण रिकामं आहे. आता अंगणात झाड लावता येईल, पण नांदीतून काढायची छाती होत नाही, मूळ दुखावलं तर काय करू? म्हणून अजून शिडी चढतोच. गुडघे बोलतात.

आगगाडी सुरू झाली, तू पाहिली असशीन. अकोल्याले बसली की बडनेऱ्याले उतरायचं. गाडीबैलाचे हाल नाहीत. मी बडनेऱ्याले बैलांची दमणी घेऊन येईन.

मले खरं सांगायचं तर सणावारी घरात फार भकास वाटते. शिमग्याले सारी गल्ली माहेरवाशिणींनी भरून जाते. मी धाब्यावर जाऊन बसतो. तिथून तुझ्या गावाची वाट दिसत नाही, पण त्या दिशेले तोंड करून बसतो. आता हसशीन तर हास.


मु. अमरावती, भाद्रपद वद्य द्वादशी, सन १८६७

बाई, बाई, बाई!

शालिकराम आला अन् दारातूनच ओरडला, "नत्थुजी, गोदाबाई येतो म्हणते! भाऊबीजेले!" मी त्याले मिठी मारली. तो म्हणे, सोडा हो, सरकीचं तेल लागलं आहे अंगाले.

तो सांगते, तू त्याले दोनदा विचारलं, पानं निरोगी आहेत का? बुंध्यावर डिंक तर नाही? तू आपल्या डोळ्यानं पाहिलं का? त्यानं शपथ घेतली की झाडावर एक डाग नाही. मग तू पदर डोळ्याले लावला अन् म्हणाली, "मग येते. माझ्या झाडाचं फळ मी तोडीन." किती वर्षांनी तू त्याले माझं झाड म्हणाली!

घराले पोतारा देऊन राहिलो. जमुनाले चुलीपाशी कामाले लावलं आहे, ती म्हणे दिवाळी अजून दूर आहे, भाऊ, आतापासूनच काय? मी म्हटलं, तू आपलं काम कर.

एकच फळ टिकलं आहे. पण टिकलं आहे.


मु. अमरावती, आश्विन शुद्ध अष्टमी, सन १८६७

गोदाबाईच्या पायावर नत्थूचं डोकं.

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिवतो.

फळ पिकायले लागलं आहे. पिवळं पडून राहिलं आहे. संत्र्याचं सोनेरी नाही, निंबवाणी पिवळं. साल खडबडीत, देठापाशी मान निघालेली. तू धाब्यावर चढशीन अन् शिडीच्या वरच्या पायरीवरूनच ओळखशीन. बाई, ते संत्रं नाही. ती जंबुरी आहे.

फूट गाठीच्या वरून नव्हती. खालून, जंबुरीच्या बुडातून होती. बोटभर वर असं मी लिवलं, ते खोटं होतं. तुझा डोळा त्या उन्हाळ्यातच मेला. मले पहिल्या दिवशीच माहीत होतं. पान चुरगळून वास घेतला होता मी. अशी रानफूट दिसली की माळ्याचं लेकरूही नखानं खुडून टाकते. मी मात्र तिले दोन वर्षं पाणी घातलं. खुडली असती तर धाब्यावर दोन रिकाम्या नांदी राहिल्या असत्या, अन् तुले बोलवायले माझ्याजवळ काही राहिलं नसतं.

मनात आलं, सांगूच नये. बाई एकदा घरात आली, पाटावर बसली, मले ओवाळलं, की मग पाहू. बाजारातून नागपुरी संत्रं आणून देठ झाडाले बांधावा, इथपर्यंत मनात आलं. लाज वाटते. पण एकदा खोटं बोलून तुले घालवलं, आता खोटं बोलून बसवणार नाही.

होय, एकदा. पंतोजी, पुढचं सावकाश वाचा.

बाई, डिंक्या नव्हता. एकाही झाडाले नव्हता. तुझी दोन संत्री फळांनी वाकली होती. त्या साली सारे पागल झाले होते. ज्याचं रान त्यानं कापसाले दिलं, अन् मले वाटे की मी एकटा संत्री विकत मागं राहून राहिलो. तुले विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतं, अन् तू नाही म्हटलं तर मी ऐकलं असतं. म्हणून विचारलं नाही. फळं बाजारात गेली, फांद्या जळणाले गेल्या, अन् दुसऱ्या दिवशी तू दारात! मी घाबरलो. कुऱ्हाडीच्या घावावर डिंक सुटला होता. ताज्या घावावर सुटतोच. तोच तुले बोटानं दाखवला अन् म्हटलं, हा पाह्य डिंक्या, तुझ्या झाडांपासून पसरला. तोंडाले जे आलं ते बोललो.

तू चूप झाली तर मी समजलो, हिनं ओळखलं. म्हणून रागावली. चोराच्या मनात चांदणं. साडेचार वर्षं मी तुझा तो राग घालवत बसलो, अन् तोंडानं मात्र डिंक्याच सांगत राहिलो.

आता सारं सांगून झालं. फळ आंबट आहे, झाड तुझं नाही, भाऊ खोटारडा आहे. तरीही भाऊबीजेच्या दिवशी बडनेऱ्याले दमणी घेऊन उभा राहीन. ये, नाही तर नको येऊ. आली तर भाकर मी थापीन.


मु. अमरावती, कार्तिक शुद्ध सप्तमी, सन १८६७

गोदाबाईले नत्थूचा दंडवत.

भाऊबीजेले दोन्ही गाड्या पाहिल्या. उतरणाऱ्या बायांची तोंडं पाहत फलाटावर हिंडलो, एका बाईनं मले झापलंही. दिवे लागल्यावर बैल जुंपले.

काल शालिकराम आला. या खेपेले तो दारातून ओरडला नाही. आत आला, पाणी मागतलं, अन् खाली पाहत सांगतलं. पत्र वाचताना तो तिथं हजर होता. डिंक्याचं वाचून झालं तर तू पंतोजीले म्हणाली, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं. मग तू जे सांगतलं ते त्यानं मले शब्दाले शब्द सांगतलं.

"नत्थूले म्हणा, मले काहीच ओळखू आलं नव्हतं. मी त्याचं खरं मानलं. माझ्या हातच्या झाडानं माझ्या भावाची सव्वाशे झाडांची बाग खाल्ली, बापाची कमाई गेली, असं मानलं. कोणत्या तोंडानं त्याच्या घरचं पाणी पिऊ, म्हणून तशीच गेली. घरी आली अन् वाडीतली सात निंबूची झाडं आपल्या हातानं तोडली, रोग पसरू नये म्हणून. त्याच्या भाऊजींनं हात धरला तरी ऐकलं नाही. जुन्या शहरातले माळी डोळे बांधायले मलेच बोलवत. साडेचार वर्षं एकाही झाडाले हात लावला नाही. आजपर्यंत मी लाजेनं आली नाही. आता नाही येत, ते रागानं."

बाई, शालिकराम गेला अन् मी कागद घेऊन बसलो.

तू रागावली असं समजून मी रुसलो, अन् तू तिकडं आपलीच झाडं तोडून राहिली होती. "माझ्या हाताचं घरात ठेवू नको" असा तू निरोप धाडला तर मी तुले टोमणे लिवले. मले एक साधा शब्द विचारता आला नाही, की बाई, काहून? बारा घागरी रोज चढवल्या, पण अकोल्याची वाट एकदाही चढलो नाही.

तुझा राग, तुझं बोलणं, सारं खरं आहे. मी आता ये म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही, ते तुझं तू पाह्य. माझं एकच मागणं आहे, अन् ते पंतोजींजवळ आहे. पंतोजी, हे पत्र घरात वाचू नका. जुन्या शहरातल्या साऱ्या माळ्यांले बोलवा, बायांलेही बोलवा, अन् मोर्णेच्या घाटावर उभं राहून खालचं मोठ्यानं वाचा.

ऐका हो सारेजण. सन १८६३च्या फाल्गुनात अमरावतीची आमची बाग डिंक्यानं गेली नाही. ती मी कापसासाठी तोडली, अन् आळ बहिणीवर घातला. गोदाबाईनं बांधलेल्या एकाही डोळ्यात रोग नव्हता. तिच्या हातासारखा हात आमच्या घराण्यात दुसरा झाला नाही. रोग माझ्या जिभेत होता. तुमच्यापैकी ज्याले डोळे बांधायचे असतील त्यानं उद्याच तिच्या दारी जावं, अन् ती नाही म्हणाली तर पुन्हा जावं.

हे मीच लिवलं. दुसऱ्यानं लिवलं असं कोणी म्हणू नये म्हणून पूर्ण नाव लिवतो.

नत्थुजी वल्द भगवंतराव माळी, गोदाबाईचा सख्खा भाऊ, मु. अमरावती.